बाटलीतला निळा जीन

तासगावच्या मंगल कार्यालयात पाय ठेवायला जागा नव्हती. बेदाण्याच्या शेडवरून थेट आलेल्या बायका, काठी टेकत आलेले माजी सैनिक, सगळे व्यासपीठाकडे टक लावून बसले होते. दिवे मालवले. भगव्या कफनीवर पांढरा कोट चढवलेल्या जीनानंद महाराजांनी बाटली उंच धरली आणि आतलं पाणी निळंशार उजळलं. लोकांनी हात जोडले.

"हा जिवंत जीन," महाराज म्हणाले. "शास्त्रज्ञ ज्याला जीनदोष म्हणतात, तोच आपला पितृदोष. त्यानंच सांधे धरतात. परदेशात अजून प्रयोग चाललेत, आम्ही मंत्रानं सिद्ध केलाय. एक थेंब जिभेवर, रोज चिमूटभर जीनभस्म. डॉक्टरच्या गोळ्या मात्र बंद. त्यांनी जीन मरतो."

मला शिसारी आली. मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. जीन म्हणजे जनुक, आईबापाकडून आलेले गुण ठरवणारा पेशीतला घटक. माझाच विषय हा माणूस राख फासून विकत होता.

शेजारी माझी चंद्राआत्या होती. तिला आमवात. यात शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. सांगलीच्या डॉक्टर अल्फिया यांच्या गोळ्यांनी तो ताब्यात होता, तरी सकाळी तिची बोटं आखडायचीच.

"आत्या, गोळ्या सोडू नकोस."

"तुझं शिक्षण माझं दुखणं घेतंय व्हय? शेजारची साळूबाई बघ, भस्म खाऊन बागंत कामाला जाती."

तिनं गोळ्या सोडून भस्म सुरू केलं आणि खरंच, थोड्याच दिवसांत आत्या भाकरी थापू लागली. "आता बोल," ती म्हणाली. पुढच्या काही महिन्यांत तिचा चेहरा गोल गरगरीत झाला. अंगाला लागलंय, म्हणून ती खूश होती.

मग महाराज पाचगणीला शिबिराला गेले आणि भस्म संपलं. आत्याला उलट्या सुरू झाल्या आणि दारातच ती कोसळली. सांगलीला नेईपर्यंत रक्तदाब पार खाली गेला होता.

तिचा चेहरा बघताच डॉक्टर अल्फियांनी विचारलं, "काय खात होत्या?" मी भस्माची पुडी दिली. त्यांनी तातडीनं उपचार सुरू केले, पुडी तपासायला पाठवली. अहवाल आला : शेणीची राख आणि कुटलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या.

"स्टेरॉइडनं सांध्यांची सूज झटक्यात दबते, पण चेहरा असा गोल होतो," डॉक्टर म्हणाल्या. "आम्हीही देतो, पण मोजून, लक्ष ठेवून. असं महिनोन्महिने खाल्लं की शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवणं सोडतं. मग अचानक तुटलं की माणसाच्या जिवावर बेततं. आणि गोळ्या बंद केल्यामुळे यांचे सांधे आतून झिजतच राहिले."

महाराजांच्या पुढच्या सभेला मी पोलिसांना कळवूनच गेले. दिवे मालवले तशी उभी राहिले आणि माझ्या बाटलीवर, व्यापारी नोटा तपासायला वापरतात तो दिवा धरला. तीही निळी उजळली.

"हे दुकानात मिळणारं टॉनिक वॉटर," मी म्हणाले. "यात क्विनीन असतं, ते या दिव्याखाली चमकतं. महाराजांनी बाही वर करावी."

"अविश्वासानं जीन कोपतो," महाराज पुटपुटले. निवृत्त सुभेदार दादासो व्यासपीठावर चढले आणि त्यांनी बाही ओढली. तसलाच दिवा खाली पडला.

साळूबाई म्हणाली, "दिवा खोटा असंल, पर मला गुण आलाय की."

मी भस्माचा अहवाल वाचून दाखवला. "भस्म आता एकदम तोडू नका," मी सांगितलं. "आधी डॉक्टर गाठा, खरं काय खाल्लंय ते सांगा." पोलीस महाराजांना घेऊन गेले, तेव्हाही दोन बायका त्यांच्या पाया पडत होत्या.

आत्या वाचली. तिची बोटं मात्र आता सरळ होणार नाहीत.

"जीनचं खरं औषध हाय का गं?" तिनं एकदा विचारलं.

"शोध चाललाय. सूज शमवणारा जीन थेट सांध्यात पोचवून बघतायत. अजून चाचण्याच आहेत."

"म्हंजी शिकल्याल्यांनाबी अजून जमलं न्हाई?"

"नाही. आणि ते तसं उघड सांगतात."

या माणसानं विज्ञानाचा एक शब्द चोरला आणि त्या आडून गरिबांच्या तोंडात विष घातलं. त्याची मला अजून किळस येते. म्हणून सांगते, औषध देणाऱ्याला विचारा : यात काय आहे, त्यानं अपाय काय होतो, हे कुणी तपासलंय? जो या प्रश्नांवर चिडेल, त्याच्या हातचं पाणीही पिऊ नका.