गप्प बसण्याचा अभ्यास

मुलाखत संपली म्हणून शर्लिनने रेकॉर्डरकडे हात नेला, तेवढ्यात गॉडफ्रे अंकल म्हणाले, "थांब. अजून एक गोष्ट हाय. पन ती तुझ्या पप्पाच्या कानावर जाता कामा नाय."

"अंकल, सुरुवातीलाच सांगितलं ना, तुम्ही बोलाल ते कुणाच्याच कानावर जाणार नाही."

"बापाच्या पन?"

"पप्पांच्याही नाही," शर्लिन म्हणाली. तोपर्यंत तिने हे वाक्य इतक्या ओट्यांवर बसून म्हटलं होतं, की ते तोंडातून आपोआप निघायचं.

गॉडफ्रेंनी ओट्यावर वाळत घातलेल्या बोंबलांवरचा कावळा हाकलला आणि खालच्या आवाजात सांगून टाकलं. मच्छीमार सोसायटीची नवी कमिटी निवडून आली होती. पुढच्या महिन्यात तिची पहिली बैठक होती आणि चेअरमन त्या बैठकीतच ठरायचा. नेहमीप्रमाणे आपणच बिनविरोध होणार असं सायमन धरून चालला होता. पण या खेपेला गॉडफ्रेंच्या पुतण्याचं, स्टॅनीचं, नाव पुढे येणार होतं, आणि कमिटीतली बहुतेक माणसं त्याच्या बाजूने होती.

"का, अंकल?"

"सोसायटीचा बर्फाचा कारखाना बाहेरच्या मानसाला चालवायला दिला, आम्हाला कळलं कधी? त्यानं कुलूप बदलल्यावर. सायमन वाईट नाय गं. सगल्यांचं ऐकतो, मान डोलावतो, आनि मग त्याला पाहिजे तेच करतो. त्याच्यासमोर कोन बोलनार?"

शर्लिनने रेकॉर्डर पिशवीत टाकला आणि ती उठली. सायमन तिचे वडील, आणि गॉडफ्रे त्यांचे लहानपणापासूनचे जोडीदार. दोघांनी मिळून पहिली होडी घेतली होती. शर्लिनच्या बाप्तिस्म्याला तिला हातात धरून उभे राहिलेले गॉडफ्रेच होते.

अंधेरीच्या एका कंपनीत शर्लिनने कितीतरी वर्षं एचआरचं काम केलं होतं. तिथे सकाळी आलेली अडचण संध्याकाळपर्यंत निकालात निघायची. कुणाला बोलवायचं, कुणाला समजवायचं, कुणाला दुसऱ्या खात्यात हलवायचं, हे सगळं तिच्या हातचा मळ होतं. पण एक प्रश्न तिच्या डोक्यातून जाईना. माणसांना सगळं दिसत असतं, तरी ती वरिष्ठांसमोर गप्प का बसतात? शेवटी तिने नोकरी सोडली आणि व्यवस्थापन शाखेत पीएचडीला नाव घातलं. अभ्यासासाठी किनाऱ्यावरच्या तीन मच्छीमार सोसायट्या घेतल्या. त्यातली एक वडिलांची.

तिच्या मार्गदर्शक वर्तक मॅडमनी त्याला आधी नकारच दिला होता. "जवळचं माणूस नीट दिसत नाही, शर्लिन." मग बऱ्याच घासाघिशीनंतर अटी घालून होकार दिला. वडिलांची मुलाखत तू घ्यायची नाहीस, तुझ्यासोबत पीएचडी करणारा केयूर घेईल. नातं प्रबंधात उघड लिहायचं. आणि इकडचा शब्द तिकडे करायचा नाही, काहीही झालं तरी. त्या वेळी शर्लिनने खुशाल मान हलवली होती. तिला वाटलं होतं, अवघड आहे ते संख्याशास्त्र.

त्या रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून ती आणि डेरिक, तिचा नवरा, नेहमीसारखे बोळिंजहून कोळीवाड्यातल्या घरी जेवायला गेले. सायमन खुशीत होते. तिच्या ताटात त्यांनी स्वतःच्या हाताने कोळंबीचं कालवण वाढलं.

"गॉडफ्रे काय बोलला गं तुझ्याजवल?"

"सांगता येत नाही, पप्पा."

"बघ आग्नेस, पोरगी सरकारी मानूस झाली!" ते हसले. "माझी तारीफच केली असनार. दुसरं काय बोलनार तो?"

शर्लिनने पाण्याचा पेला उचलला, ठेवला, परत उचलला. मम्मी तिच्याकडे बघत राहिली. परतीच्या वाटेवर डेरिकने विचारलं, "बरं वाटत नाहीये का?" तर त्याच्यावर उगाचच खेकसली. त्यालाही सांगायची सोय नव्हती.

मग तिला कशात चैन पडेना. शोधनिबंध वाचायला घेतला की पानाच्या शेवटी आलं तरी वर काय होतं ते आठवायचं नाही. पीएचडीच्या विद्यार्थ्यांनी वर्ग घ्यायचे असतात. ती बीएमएसच्या मुलांना शिकवत होती, तर एका वाक्याच्या मध्येच थांबली आणि पुढचं वाक्य काही केल्या सापडेना. मुलं एकमेकांकडे बघायला लागली. वर्ग सोडून ती तडक वर्तक मॅडमच्या खोलीत गेली.

"मला एक कळलंय. वडिलांना सांगितलं तर ते सावध होतील. नाही सांगितलं तर सगळ्यांसमोर पडतील."

"काय कळलंय ते मला सांगू नकोस," मॅडम घाईने म्हणाल्या.

"मग मी करू काय? कंपनीत असते तर दोघांना एका खोलीत बसवलं असतं."

"कंपनीत तुला तो अधिकार होता. इथे लोक तुझ्या शब्दावर बोललेत. एक मात्र करू शकतेस. ज्याने सांगितलं त्याच्याकडे परत जा. त्याची गोष्ट आहे, ती कुठे न्यायची ते त्याने ठरवायचं. तू विचारू शकतेस. त्याच्या वतीने ठरवू शकत नाहीस."

"आणि तो नाही म्हणाला तर?"

मॅडमनी चष्मा काढून पुसला. "संख्याशास्त्र मी तुला शिकवलं. मुलाखत कशी घ्यायची, निबंध कसा उलगडायचा, तेही शिकवलं. याचं मात्र मला काही शिकवता येत नाही गं. मलाच नीट येत नाही."

गॉडफ्रे किनाऱ्यावर होडीला रंग देत होते. शर्लिन चपला हातात घेऊन वाळूतून त्यांच्यापर्यंत गेली. तिने हळूच, आडवळणाने विषय काढला. तुम्हीच एकदा पप्पांशी बोलाल का?

गॉडफ्रेंचा ब्रश थांबला. "सांगितलंस त्याला?"

"नाही, अंकल. तुमच्याकडेच आले."

"मग आता मला शिकवायला आलीस?"

"शिकवायला नाही. सगळ्यांसमोर कळण्यापेक्षा तुमच्या तोंडून कळलं तर..."

त्यांनी ब्रश डब्यावर आडवा ठेवला. "माझ्याच्यानं होनार नाय, शर्ली. सारा जल्म एका होडीत बसलो. त्यानं म्हटलं जालं टाक, की मी टाकलं. त्याच्या तोंडावर नाय म्हनायची सवयच नाय पडली मला. म्हनून तर स्टॅनीला उभा केला." मग पुन्हा रंगाच्या डब्यात ब्रश बुडवत म्हणाले, "जा तू. आनि बोललीस ते पाळ."

बैठकीच्या दिवशी मम्मीने पहाटेपासून फुग्या तळायला काढल्या होत्या. कमिटीतल्या सगळ्यांना जेवायला बोलावलं होतं. शर्लिन शेजारी बसून पिठाचे गोळे करून देत होती. एकेक गोळा कढईत पडून फुलला की ती टोपलीतल्या फुग्या मोजत होती. "मम्मी, थोड्या कमी कर ना," ती दोनदा म्हणाली. "का? येतील तेवढे खातील," मम्मी म्हणाली, आणि मग तिने झारा हातातच ठेवून लेकीकडे पाहिलं. काही विचारलं नाही. पण गॅस बारीक केला.

सोसायटीच्या ऑफिसबाहेर बँडवाले उभे होते. सायमननी स्वतःच ठरवलेले. शर्लिन लोकांत उभी राहिली, मग हलली, भिंतीला टेकली, परत रस्त्यापर्यंत जाऊन आली. दार उघडलं. आतून कुणीतरी स्टॅनीचं नाव ओरडलं. बाहेर क्षणभर कुणाला काही उमगेना. बँडवाल्याने सवयीने ढोलावर एक टिपरू मारलं आणि हात आखडता घेतला.

सायमन बाहेर आले. चेहरा राखेसारखा झाला होता. त्यांच्यासाठी हार घेऊन उभ्या असलेल्या पोराकडून तो त्यांनी घेतला, स्टॅनीच्या गळ्यात घातला आणि बँडवाल्याला म्हणाले, "वाजव. पैशे दिलेत ना?" गॉडफ्रे दारातच थबकले होते. त्यांच्याकडे सायमननी बघितलंही नाही. त्यांची नजर लोकांवरून फिरत गेली. जो तो तोंडाला हात लावून, डोळे विस्फारून उभा होता. एकटी शर्लिन खाली बघत होती.

घरी फुग्यांनी भरलेली टोपली टेबलावर तशीच होती.

"तुला ठाऊक होतं," सायमन म्हणाले.

"हो."

"आनि माझ्या ताटात जेवत होतीस."

"पप्पा, मी शब्द दिला होता. फक्त तुमच्याबद्दल नाही, सगळ्यांबद्दलच..."

"सायमन, तिचं कामच तसं हाय," मम्मी मध्ये पडली.

"काम? बाप खड्ड्यात पडतो ते बघायचं काम?" ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर शर्लिनला सोसलं असतं. ते आत गेले आणि दार लावून घेतलं.

त्यानंतर रविवारी ती गेली की ते किनाऱ्यावर निघून जायचे. फोन त्यांनी उचलला तर एक शब्द न बोलता मम्मीच्या हातात द्यायचे. शर्लिनचं वजन उतरलं. ती वर्तक मॅडमना म्हणाली, "ती सोसायटी मी अभ्यासातून काढून टाकते. दोन पुरेत."

"काढ. पण का काढलीस ते लिहावं लागेल. खरं कारण लिहिशील?"

शर्लिनने लिहायचा प्रयत्न केला. चार ओळी लिहायची, पुसायची, उठून गॅलरीत जायची. खाली संकुलाच्या आवारात मुलं क्रिकेट खेळत. त्यांचा आरडाओरडा तिला सहन होईना आणि ती गेली की शांतताही. शेवटी तिला कळून चुकलं, की कारण असं एकच आहे. त्या सोसायटीतली माणसं गप्प का बसतात हे तिला समजलं होतं, आणि ते वडिलांविषयी लिहायचं धैर्य होत नव्हतं. तिने सोसायटी ठेवली.

आणि एका दुपारी दारावरची बेल वाजली. सायमन उभे होते, एकटेच. लेकीच्या फ्लॅटवर ते मम्मीशिवाय कधी आले नव्हते. पाणी प्यायले, घाम पुसला आणि म्हणाले, "सगल्यांचं ऐकलंस. माझं ऐकायचं राहिलं ना?"

"राहिलंय, पप्पा. पण ते मला ऐकता येत नाही. आमच्यात केयूर आहे, नालासोपाऱ्याचा. तो घेईल."

"म्हंजे? परक्याला सांगू?"

"तसं ठरलंय."

सायमन उठून दारापर्यंत गेले. शर्लिनने अडवलं नाही. दाराच्या कडीवर हात ठेवून ते थांबले. "तुझ्याजवल मी बोललो असतो तर तुझ्या आईला सांगितलं असतंस?"

"नाही."

"हां." ते परत येऊन बसले. "बोलव त्याला."

केयूर आला. त्याने सायमनना नमस्कार केला आणि रेकॉर्डर टीपॉयवर ठेवला. शर्लिनला तिच्याच घरातून बाहेर जावं लागलं. ती जिना उतरून आवारात आली. इमारतीला एक फेरी घातली, मग दुसरी. आपल्या खिडकीकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि दर फेरीला बघितलं. आत काय चाललं असेल? गॉडफ्रेंना शिव्या घालत असतील? तिचं नाव घेतलं असेल का? की सगळं आधीपासून ठाऊक होतं म्हणतील? एकदा वरून मोठ्याने हसल्यासारखं काही ऐकू आलं. वडिलांचंच हसू होतं ते, की दुसरं काही, तिला ओळखता आलं नाही. वॉचमनने दोनदा विचारलं, "मॅडम, कुछ खो गया क्या?"

उन्हं उतरली तेव्हा सायमन खाली आले. डोळे लाल होते. चाल मात्र नेहमीची, खांदे मागे टाकलेली. शर्लिन पुढे झाली. ओठांवर आलेला प्रश्न तिने गिळला.

"पोरगा बरा हाय तुमचा," ते म्हणाले. "मधे मधे बोलत नाय."

"हो."

"गॉडफ्रेकडं जातो आता. दार उघडतो का बघू." आणि मग गेटच्या दिशेने चालत, मागे न बघता, "रिक्षापर्यंत येतेस का?"

ती निघाली. वडील भराभर चालत होते, तिला जवळजवळ पळावं लागत होतं.