सरांची हरकत

भालाफेक करणाऱ्या त्या मुलीने कॉलेज बदललं, तेव्हा पात्रता समितीकडे हरकत घेतली ती तिच्या जुन्या सरांनीच. "घडवायचं आम्ही आणि मिरवायचं दुसऱ्यांनी," असं म्हणत त्यांनी समितीपुढे डोळेही पुसले. समितीने चहा संपेपर्यंत विचार केला, तिला वर्षभर स्पर्धेबाहेर बसवलं आणि वर निष्ठेचे चार डोस पाजले.

वर्ष सरत आलं आणि एका सकाळी तेच सर नव्या कॉलेजच्या मैदानावर, नव्या कॉलेजचा ट्रॅकसूट चढवून उभे दिसले. त्यांना कोणी एक दिवसही अडवलं नव्हतं. कॉलेज बदललं की वर्षभर बाहेर बसायचं, हा नियम प्रशिक्षकांना लागूच नव्हता.

"झालं गेलं विसर, पोरी. आता आपण एकाच घरचे," सर म्हणाले.

"आणि निष्ठा, सर?"

"माणसाला पुढचं बघावं लागतं गं."

या माणसाला आपण गुरू मानत होतो, याची तिला शिसारी आली. तिने प्राचार्यांना सरळ सांगितलं, "यांच्या हाताखाली मी खेळणार नाही." ती एकटीच सराव करत राहिली आणि मोसमाच्या पहिल्याच स्पर्धेत दुसरी आली. फोटोच्या वेळी सर छाती फुगवून शेजारी येऊन उभे राहिले. तिने भाला उचलला आणि ती चालू लागली.