सोडून गेलेल्यांची नावं

दर गुरुवारी सिस्टरांच्या शाळेतून हिरवा कागद यायचा, आणि दर गुरुवारी तुकोजीराव घाटगे चष्मा पुसून, लाल पेन्सिल कानावर खोचून त्याची वाट बघत बसायचे. कागदावर एका बाजूला इंग्रजीत आणि दुसऱ्या बाजूला कन्नडात पालकांसाठी बातम्या आणि सूचना असत. चौतीस वर्षं सरकारी कचेरीत हेडक्लार्की केलेल्या माणसाला निवृत्तीनंतर सर्क्युलर मिळेनाशी झाली की त्याचं जेवण पचत नाही. शाळेनं त्यांची ती सोय केली होती. मुलगा वेंकटेश बेंगळुरात नोकरीला, सून बँकेत. तेव्हा तिसरीतल्या नातीचं, म्हणजे इंचराचं, सगळं शालेय खातं तुकोजीरावांनी आपल्याकडे ओढून घेतलं होतं.

त्या गुरुवारच्या कागदात आठ सूचना होत्या. नखं कापून पाठवा. पाण्याच्या बाटलीवर नाव घाला. बालदिनाला वेशभूषा आहे, पण तलवारी नकोत. बुधवारी पांढरे मोजे. (गेल्या महिन्याच्या कागदात करडे म्हटलं होतं. तुकोजीरावांनी जुना कागद काढून दोन्ही शेजारी ठेवले आणि त्यांना मनापासून आनंद झाला.) सातवी सूचना अशी होती की नोव्हेंबर महिन्यात कॅथलिक लोक आपल्या गेलेल्या माणसांची आठवण करतात, सर्व धर्मांच्या पालकांनी हवं तर आपल्याकडची नावं पाकिटात घालून सही करून शुक्रवारी पाठवावीत, सोमवारी सकाळच्या प्रार्थनेत ती वाचली जातील.

"अज्जा, अगलिदवरु अंदरे?" इंचरानं कन्नड बाजूवरच्या शब्दावर बोट ठेवून अर्थ विचारला.

तिचं कन्नड शाळेचं, तिचं इंग्रजी टीव्हीचं, आणि तिचं मराठी म्हणजे जेव, झोप, ये, जा एवढंच. बोगादीत, त्यांच्या कानडी वस्तीत, आजूबाजूला मराठी घर नव्हतं. तुकोजीरावांचा हट्ट असा की घरात प्रत्येक शब्दाचा अर्थ मराठीतच सांगायचा. एऱ्हवी ते दोन अर्थ सांगत, तिसरा वापरून दाखवत. पण त्या वेळी ते मोज्यांत गुंतले होते.

"आपल्याला सोडून गेलेले," ते म्हणाले.

"सोडून गेलेल्यांची नावं लिहू?"

"लिही की. बेगा, लवकर लिही, मी सही करतो."

आणि त्यांनी सही केली. न वाचता. चौतीस वर्षांत साहेबांनी डोळे वटारले तरी न वाचता सही न करणाऱ्या माणसानं नातीच्या पाकिटावर डोळे झाकून सही ठोकली.

सोमवारी दुपारी ते नेहमीप्रमाणे इंचराला आणायला शाळेच्या फाटकाशी गेले, तर तिच्या वर्गाच्या मिस स्वतः बाहेर आल्या. त्यांनी तुकोजीरावांचा हात हातात घेतला.

"सार, मनाला फार लावून घेऊ नका," त्या कन्नडात म्हणाल्या. "वय तरी काय होतं हो?"

तुकोजीराव गोंधळले. मग त्यांच्या डोक्यात उजेड पडला. दसऱ्याच्या फटाक्यांना भिऊन त्यांचा कुत्रा टायगर पळाला होता, आणि इंचरा त्याच्यासाठी आठवडाभर रडत होती. वर्गातही रडली असणार.

"सहा वर्षं," ते म्हणाले.

"सहा?" मिसचा चेहरा पांढरा पडला.

"तसं त्यांच्यात सहा म्हणजे पुष्कळच झालं. आणि गेला म्हणजे काय, येईलही परत. भूक लागली की येतात बघा."

मिसनी त्यांचा हात हळूच सोडला, कपाळाला आणि छातीला बोट लावून क्रूस केला आणि आत निघून गेल्या. पाठोपाठ मुलांना न्यायला आलेल्या दोघी आया जवळ आल्या. एकीनं नुसती मान हलवली. दुसरी म्हणाली, "अशा वेळी पोरीला शाळेत पाठवलंत, धीराचे आहात." एका कुत्र्यापायी शाळेनं एवढा दुखवटा पाळावा याचं तुकोजीरावांना नवल वाटलं, थोडा अभिमानही वाटला. तरी काहीतरी बसत नव्हतं.

"इंचरा, तू त्या पाकिटात काय लिहिलंस गं?" त्यांनी रस्त्यात विचारलं.

इंचरानं बोटं मोजत सांगितलं. "वासुदेवराव मुत्तज्जा. भागीरथीबाई मुत्तज्जी. टायगर. आणि नरसिंगराव दोड्डप्पा. सिस्टरनी टायगरचं नाव वाचलंच नाही, अज्जा."

तुकोजीराव रस्त्याच्या मधोमध थांबले. मागून आलेल्या स्कूटरवाल्यानं शिवी दिली ती त्यांना ऐकूही आली नाही.

वासुदेवराव आणि भागीरथीबाई हे त्यांचे आईवडील, जाऊन वीस वर्षं झालेली. पण नरसिंगराव हा त्यांचा थोरला मुलगा. अकरा वर्षांपूर्वी त्यानं ग्लोरिया नावाच्या कॅथलिक नर्सशी लग्न केलं, आणि तो तिच्या नोकरीच्या गावी, सरगूरला राहायला गेला. त्यानंतर घरात त्याचा विषय निघाला की तुकोजीराव एकच वाक्य बोलत, "तो आपल्याला सोडून गेला," आणि विषय मिटवत. इंचरानं त्याला पाहिलेलं नव्हतं. तिनं पाहिला होता तो भिंतीवरचा फोटो, पणजोबा-पणजीच्या फोटोंच्या रांगेत, कारण त्यांच्या बायकोनं, वनजाबाईंनी, तो काढू दिला नव्हता. तेव्हा पोरीची चूक म्हणावी तरी कशी? ती आजोबांचंच मराठी शिकली होती. तिकडे पेशवाईत कुणी ध चा मा केला म्हणतात. इथं एक अक्षरही न बदलता माणूस मेला होता.

वनजाबाई अंगणात चवळीच्या शेंगा मोडत बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत, त्यामुळे तुकोजीराव जास्तच बावरले.

"अगं, मेल्याची खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं म्हणतात," ते म्हणाले.

"वाढू दे की. पण खोटी आहे म्हणून सांगायला तुमचंच तोंड लागेल. सही तुमची आहे."

"वेंकटेशला सांगतो, तो फोन करेल शाळेत."

"अं हं, वेंकटेश नाही, तुम्हीच जायचं. उद्या सकाळी जायचं आणि माझा मुलगा आहे म्हणून सांगून यायचं." वनजाबाईंनी एक शेंग कडकन मोडली. "आहे ना पण तो? कधी विचारलंत?"

तुकोजीरावांनी बायकोच्या चेहऱ्याकडे पाहिलं. नरसिंग आहे की नाही, ते तिला ठाऊक होतं की नव्हतं? पन्नास वर्षांच्या संसारात त्यांना तो चेहरा कधी वाचता आला नव्हता, आणि तो काही हिरव्या कागदावर छापून येत नव्हता. नरसिंग लग्न करून सुनेला दाखवायला आला होता, तेव्हा फाटकात उभे राहून ते ओरडले होते, "तू मला मेलास!" आज चारशे मुलांनी हात जोडून त्या नावाला शांती मागितली होती. त्याचं नाव काढायचं नाही, असा त्यांनीच घरात नियम केलेला. मग मधल्या अकरा वर्षांत काही बरंवाईट झालं असतं, तर त्यांना सांगितलं तरी कुणी असतं?

मंगळवारी सकाळी ते मुख्याध्यापिका सिस्टर लिडविनांच्या खोलीत जाऊन बसले. सिस्टर साठीच्या, ठेंगण्या, हातात सतत पेन. तुकोजीरावांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, आणि सोबत अर्ज लिहून आणला होता.

"यादीतलं चौथं नाव चुकून आलं," ते कन्नडात म्हणाले. "येत्या गुरुवारच्या कागदात शुद्धिपत्रक निघायला हवं."

"अरे देवा! म्हणजे तुमचे चिरंजीव हयात आहेत?"

"असावेत."

सिस्टरांचं पेन थांबलं. "असावेत म्हणजे?"

"म्हणजे, नसण्याचं काही कारण नाही."

"सार, मिस म्हणतात काल तुम्ही त्यांचं वय सहा सांगितलंत. आज असावेत म्हणता. मी चारशे घरांना काय कळवू? घाटगे यांचा मुलगा बहुधा जिवंत आहे असं?" त्या रागावल्या नव्हत्या, त्यांना खरोखरच कळत नव्हतं. "तुम्ही त्यांच्याशी शेवटचं कधी बोललात?"

मुलगा जिवंत आहे का, या साध्या प्रश्नाचं उत्तर बापाला देता येईना. तुकोजीरावांना शरम वाटली. कचेरीत फाईल हरवली तेव्हाही एवढी वाटली नव्हती. "एक मिनिट," म्हणून ते उठले, व्हरांड्यात गेले आणि वेंकटेशला फोन लावला.

"नंबर पाठव," ते म्हणाले.

वेंकटेशनं कुणाचा म्हणून विचारलंच नाही. नंबर अर्ध्या मिनिटात आला. म्हणजे तो त्याच्याजवळ कायमचाच होता. तुकोजीराव त्या दहा आकड्यांकडे बघत राहिले, मग त्यांनी ते दाबले.

"हं, अप्पा," पलीकडून आवाज आला. त्याच्याकडेही त्यांचा नंबर होता. आवाज जाड झाला होता, पण त्याचाच होता. तुकोजीरावांनी व्हरांड्याच्या खांबाला हात टेकला. आहे. पोरगा आहे. देवा, आहे.

"नरसिंग," ते म्हणाले.

"ऐकलं मी. आईनं काल सांगितलं फोनवर. मेलो म्हणे मी."

"चूक झाली रे. मुद्दाम नाही. पोरीला मी म्हटलं, सोडून गेलेल्यांची नावं लिही, तर तिनं..."

"मी कुठं सोडून गेलो, अप्पा?" नरसिंग आवाज न चढवता म्हणाला. "मी तर आत यायला आलो होतो. ग्लोरिया होती, हातात फुलं होती. फाटकाला कुलूप तुम्ही लावलंत."

तुकोजीरावांना उत्तर द्यायचं होतं. अकरा वर्षं त्यांनी जे वाक्य घोटून घोटून गुळगुळीत केलं होतं, ते जिभेवर आलंही होतं. पण ते आता कुठं बसेना. समोर पटांगणात पोरं कवायत करत होती, एक उजवीकडे वळलं की दुसरं डावीकडे.

"ड्यूटीवर जायचंय," नरसिंग म्हणाला. "ठेवतो." आणि फोन बंद झाला.

सिस्टरांच्या खोलीत परत येऊन तुकोजीरावांनी आणलेला अर्ज फाडला आणि कोरा कागद मागितला. हेडक्लार्कच्या वळणदार अक्षरात, कन्नडात, त्यांनी सावकाश लिहिलं. मग ते सिस्टरांपुढे सरकवलं.

सिस्टरांनी वाचलं. "सार, हयात आहेत एवढं पुरे. पुढचं पालकांना कशाला?"

"असू द्या. अर्धं शुद्धिपत्रक काढत नाहीत," तुकोजीराव म्हणाले. या वेळी त्यांनी दोनदा वाचून मग सही केली.

गुरुवारी हिरवा कागद आला. तुकोजीराव बसल्या जागेवरून उठले नाहीत, लाल पेन्सिलही कुठं दिसली नाही. इंचरानंच मोठ्यानं वाचायला घेतलं. मोज्यांचा रंग पांढराच. तलवारींबरोबर गदाही नको. चौथी सूचना तिनं जोडाक्षरांवर अडखळत वाचली: "सोमवारच्या यादीतले नरसिंगराव घाटगे हयात आहेत, सरगूरला राहतात. ते घर सोडून गेले नव्हते. त्यांना मी घराबाहेर काढलं होतं. चूक माझी. तुकोजीराव घाटगे."

चारशे घरांत त्या वेळी हेच वाचलं जात होतं. तुकोजीरावांचे कान लाल झाले होते. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला होता.

"अज्जा, दोड्डप्पाला घराबाहेर का काढलंस?"

आता शब्दाच्या आड लपायला जागा नव्हती. तुकोजीराव खरं ते बोलले. "तुझी दोड्डम्मा, ग्लोरिया, सिस्टरांच्या देवळात जाते म्हणून."

इंचरानं कपाळाला आठ्या घालून विचार केला. शाळेत दर शुक्रवारी त्यांच्या वर्गाला रांगेनं त्या देवळात नेत. फी भरताना, गणवेश शिवताना, या शाळेत नात शिकते म्हणून चारचौघांत सांगताना तुकोजीरावांना ते कधी खुपलं नव्हतं.

"मी पण जाते की," ती म्हणाली. "मग मला कधी काढणार?"

तुकोजीरावांनी नातीला जवळ ओढलं आणि तिच्या डोक्यावरून स्वयंपाकघराकडे पाहून विचारलं,

"सरगूरची पहिली बस कितीला असते गं?"

"सहा चाळीस," वनजाबाई आतून म्हणाल्या. त्यांना आठवावंही लागलं नाही.