क्रँकशाफ्ट आणि धोंडूबाईंची अट

मी फटफटी बोलतेय. शहापूरच्या गुरांच्या दवाखान्याबाहेर कलती उभी असते ना, तीच.

लष्करात राबून मी लिलावात निघाले आणि गुरांचे डॉक्टर चंदर भोईर यांच्या पदरी पडले. माझा आवाज ऐकून म्हशी दावं तोडायच्या. डॉक्टर पोचेपर्यंत आजारी जनावरही टुणटुणीत होऊन पळत सुटायचं.

१९५८ च्या माघात किन्हवलीच्या चढावर माझ्या पोटात ठणठण सुरू झाली. डॉक्टरांनी मला बैलगाडीत घालून घरी आणलं. वाटेत जो तो विचारी, "डाक्टर, हिला काय झाला?"

जयराम मिस्त्रींनी इंजिन उघडलं. पिस्टनच्या उड्यांनी चाक फिरवणारा दांडा म्हणजे माझा क्रँकशाफ्ट. तो त्यांनी रॉकेलने धुतला, पुसला आणि खडूची भुकटी चोळली. पांढऱ्यावर केसाएवढी तेलकट रेघ उमटली.

"चीर हाय," मिस्त्री म्हणाले. "जोड दिला तर आठ दिस चालंल, मंग चढावर सोडून देईल. दुसराच घालाया पायजे."

"नाही मिळाला तर?"

"मंग भंगार."

ऐकून माझं उरलंसुरलं तेल गळालं.

माझ्या जातीची दुसरी गाडी मुरबाडला, धोंडूबाईंच्या पडवीत होती. ठेकेदार नवरा गेल्यापासून तिला कोणी हात लावला नव्हता. डॉक्टर गेले, तर सीटवरच्या पाटीत कोंबडी अंड्यांवर बसलेली.

"पिल्लं निघंपर्यंत हात लावायचा नाय," धोंडूबाई म्हणाल्या. "आन पैसं नको मला. आमच्या ह्यांनी मला कधी मागं बसवली नाय. शाफ्ट घे, पण मला बाजारात फिरवून आण."

"मावशी, लोक काय म्हणतील?"

"मंग जा चालत."

बारा दिवस डॉक्टरांनी उसनी सायकल हाणली. तेराव्या दिवशी पिल्लं निघाली, चौदाव्या दिवशी मिस्त्रींनी शाफ्ट काढला. तो माझ्यात बसवल्यावर पहिल्या किकला मी खोकले. दुसरीला अशी सुरू झाले की मिस्त्रींनी हातातला पाना सोडून मला नमस्कार केला.

बाजाराच्या दिवशी धोंडूबाई नऊवारीचा काष्टा आवळून, दोन्हीकडे पाय टाकून ऐटीत बसल्या. डॉक्टर मान खाली घालून बैलाच्या चालीने निघाले.

"गिअर बदल की रं! वीस वरसं आमच्या ह्यांचा ओट्यावरनं बघितलाय मी."

डॉक्टरांनी निमूटपणे गिअर बदलला. आम्ही भर बाजारातून सुसाट गेलो. मिरच्या मोजणारी पारू तराजू धरून तशीच उभी राहिली. धोंडूबाईंचे दीर मागे धावत ओरडले, "वैनी, लोक काय म्हनतील?"

"म्हनू दे! ह्या आवाजात काय ऐकू येत नाय!" धोंडूबाई हसत ओरडल्या. मीही मुद्दाम दोन बार जास्त उडवले.

त्याला आता दहा वर्षं झाली. दर बाजाराला त्या पिशवी घेऊन रस्त्यावर उभ्या असतात. सगळे मला 'धोंडूबाईची फटफटी' म्हणतात, पेट्रोल मात्र डॉक्टरच भरतात.

वाटेत आम्ही दिसलो, तर मेहेरबानी करून बाजूला व्हा. इंजिन आता झकास आहे, पण ब्रेककडे अजून कोणी बघितलेलं नाही.