महानंदांनी अडवलेला प्रस्ताव

रूपश्रीने लाल पेनाने पहिला परिच्छेद सबंध खोडला आणि तो कागद पडद्यावर सगळ्यांना दाखवला.

"लिहिणाऱ्याला माहीत आहे की संशोधन कशाचं आहे. वाचणाऱ्याला मात्र दुसरं पान उलटेपर्यंत पत्ता लागत नाही. अनुदान देणारा तोवर थांबत नसतो."

तिसऱ्या रांगेत बसलेल्या महानंदांनी ते निमूटपणे टिपून घेतलं. परिच्छेद त्यांचा होता. खोडणारी मुलगीही त्यांचीच होती.

वर्गात हे कुणाला ठाऊक नव्हतं. विद्यापीठ नवा संशोधन विभाग काढत होतं. प्राध्यापकांबरोबर बसून अनुदानाचे प्रस्ताव तयार करायला कार्यालयातलीच माणसं घ्यायची, त्यांना आधी शिकवायचं, असं ठरलं. आणि शिकवायला बाहेरून जिला बोलावलं ती नेमकी रूपश्री निघाली. बंगळूरच्या बनशंकरी भागातल्या आपल्या घरी भाकरी थापता थापता महानंदांनी तिला बजावलं होतं, "तिथं मला आई म्हणायचं न्हाई. उद्या माझी निवड झाली तर लोक म्हणतील, लेकीनं केली."

"निवड मी करत नाही. आणि नातं मी कुलसचिवांना लेखी कळवलंय, ते लपवता येत नाही," रूपश्री म्हणाली होती. "पण वर्गात मॅडम म्हणेन. तूही म्हण."

जेवणाच्या सुट्टीत परीक्षा विभागातला मंजुनाथ डबा घेऊन शेजारी आला.

"अक्का, ही मॅडम तुमच्यावरच का घसरते? वर सांगूया का आपण?"

"नको. बरोबर सांगतात त्या," महानंदा म्हणाल्या. बोलताना त्यांची मान जरा ताठ झाली, हे त्यांचं त्यांनाच कळलं.

तेवढ्यात हात धुऊन परतणारी रूपश्री टेबलाशी थबकली. "आई, बीपीची गोळी घेतलीस?"

मंजुनाथचा चित्रान्न-भाताचा घास हातातच राहिला. रूपश्रीने जीभ चावली. आसपासच्या टेबलांवरच्या माना वळल्या.

"सरी, कळलं!" मंजुनाथ शेवटी म्हणाला. "म्हणजे अक्का पास!"

काहीजण हसले. काही हसले नाहीत. महानंदांनी अर्धा राहिलेला डबा बंद केला.

दुपारी प्रत्येकाने आपला प्रस्ताव समितीपुढे मांडायचा होता. समिती सरावापुरती, खोटी, पण महानंदांचा प्रस्ताव खरा होता. जे. पी. नगरच्या पलीकडे एका तळ्याकाठी काही बायका गुरांसाठी गवत कापतात. तळ्यातल्या रसायनांचं त्यांच्या रक्तात काय उतरतं, हे प्राध्यापक यशोवर्धन यांना तपासायचं होतं. ते स्वतः पहिल्या रांगेत येऊन बसले होते.

महानंदांनी मांडणी नीट केली. या वेळी संशोधन कशाचं, ते पहिल्याच वाक्यात आलं. मग समितीच्या खुर्चीतून रूपश्रीने विचारलं, "रक्त द्यायला बायकांची संमती आहे, असं लिहिलंय. त्यांना कुणी विचारलं?"

तिच्या आवाजात घरातलं काही नव्हतं.

"होतील हो तयार," यशोवर्धन पहिल्या रांगेतून म्हणाले. "त्यात काय एवढं?"

महानंदांची सगळी नोकरी प्राध्यापकांनी सांगितलेलं टाइप करण्यात गेली होती. नुसतं 'होय' म्हटलं असतं तरी चाललं असतं. त्यांनी हातातले कागद टेबलावर ठेवले.

"कुणीच विचारलेलं नाही, मॅडम. सरांनी सांगितलं, मी लिहिलं. पण त्या बायकांना विचारल्याशिवाय हा प्रस्ताव माझ्या हातून जाणार नाही."

यशोवर्धन वळून बघू लागले. "परवा शेवटची तारीख आहे, बाई."

"मग उद्या सकाळी जाऊ, सर. मी येते तुमच्याबरोबर."

रूपश्री उठली. ती फळ्याकडे गेली आणि वर्गाकडे पाठ करून उगाचच कोरा फळा पुसत राहिली. मंजुनाथ पुढे वाकून कुजबुजला, "अक्का, मघाशी मस्करी केली हं."

"कळलं रे."

सकाळी तळ्याकाठी पायाखाली चिखल होता. यशोवर्धन खरोखरच आले होते, चांगले बूट घालून. गवताचे भारे बांधणाऱ्या बायकांना त्यांनी कन्नडमध्ये समजावून सांगितलं, आणि कुठे अवघड शब्द आला की महानंदांनी तो सोपा करून दिला. सगळ्यांत वयस्कर गौरम्मा विळा कमरेला खोचून ऐकत होती.

"रक्तात वाईट काही निघालं, तर आधी कुणाला सांगणार? पेपरवाल्यांना, का आम्हाला?"

यशोवर्धनांनी महानंदांकडे पाहिलं. महानंदांनी नजर गौरम्माकडेच ठेवली. उत्तर सरांनीच द्यायला हवं होतं.

"तुम्हाला," ते म्हणाले. "आधी तुम्हाला."

"तोंडानं सगळेच सांगतात." गौरम्माने हनुवटीने महानंदांकडे खूण केली. "आणि ही कोण? तुमची टायपिस्ट?"

"नाही," यशोवर्धन म्हणाले. "यांनी हो म्हटल्याशिवाय माझं काम पुढे सरकत नाही."

गौरम्माने दोघांना खालून वरपर्यंत न्याहाळलं. मग एक भारा ओढून बाजूला ठेवला आणि त्यावर हात थोपटला.

"मग तू बस इथं," ती महानंदांना म्हणाली. "ते राहू देत उभे."

महानंदा पदर सावरून बसल्या.