ओडेसाने हात वर केला

अमेरिकेतल्या डेटन शहराच्या पश्चिमेला, काळ्या लोकांच्या वस्तीतल्या माउंट नेबो चर्चचं दार म्हणजे ओडेसा टॉलिव्हर. पांढराशुभ्र गणवेश, पांढरे हातमोजे, डावा हात पाठीशी. कुणाला कुठल्या बाकावर बसवायचं, रडणाऱ्या बाईच्या हाती पंखा कधी द्यायचा, सगळ्या मंडळींना उभं कधी करायचं, हे ती तोंडातून शब्द न काढता नुसत्या हाताच्या खुणांनी ठरवायची. तिच्या हाताखालचे सेवेकरी त्या खुणांवर हलायचे. नवरा गेल्यावर घर खायला उठलं होतं तेव्हा त्या दारानेच तिला सावरलं. आणि रेव्हरंड क्रेन्शॉनी नेमकं तेच दार पणाला लावलं.

"शनिवारी त्या रॉस्को गेन्सचा कार्यक्रम आहे," ते व्यासपीठावरून गरजले. "अर्धी छाती उघडी टाकून सैतानाची बास गिटार वाजवतो तो! माझ्या सेवेकऱ्यांपैकी जो तिथे जाईल, त्याने रविवारी हातमोजे माझ्या हातात आणून द्यायचे."

"आमेन!" सगळ्यांत मोठ्यांदा ओरडले ते सेवेकऱ्यांतलेच डीकन ओटिस. त्यांच्या पाठोपाठ सिस्टर लव्हॉन, तीही सेवेकरीच.

ओडेसाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रॉस्को ह्याच वस्तीतला. त्याच्या फंक संगीताच्या तालावर तिने फरशा घासल्या होत्या, एकटीने जेवणं उरकली होती. सकाळी अंथरुणातून उठवत नसे तेव्हा त्याचीच तबकडी लावून ती उठायची. ह्यात सैतान आला कुठून? सैतानाला इतका ताल असता तर चर्चच्या गायनवृंदाला बिचाऱ्याने थोडा उसना दिला असता.

शनिवारी संध्याकाळी भाची रेनिटा गाडी घेऊन आली आणि दारातच थबकली. "मावशी! पॅन्ट? तीही जांभळी?"

"डोळे काय फाडतेस? चल, उशीर होतोय."

"अगं, पण रेव्हरंड?"

"त्यांनाही तिकीट हवं होतं की काय?"

सभागृह खच्चून भरलं होतं. उंच टाचांचे बूट, केसांचे डेरेदार घेर, तळलेल्या माशांचा आणि अत्तराचा वास. रॉस्को आला तो चंदेरी झग्यात. त्याने पहिल्या ठोक्यावर बासची तार अशी छेडली की ओडेसाच्या पोटात धक्का बसला. मागून वादकांचे कर्णे उसळले. गर्दी उठली, ओडेसा उठली, आणि नवरा गेल्यापासून गप्प बसलेली तिची कंबर आपणहून बोलायला लागली. ती मोठ्याने हसली. रेनिटाने मावशीला असं हसताना कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं.

तिसऱ्या गाण्याला भस्सकन दिवे लागले. सभागृहाचा व्यवस्थापक ध्वनिक्षेपकावर आला. "सगळ्यांनी खाली बसा! एकही माणूस उभा दिसला तर कार्यक्रम बंद."

गेल्याच महिन्यात इथे गोरी पोरं खुर्च्यांवर चढून नाचली होती. तेव्हा हे दिवे कुणी लावले नव्हते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी लोक बसले. करणार काय? महिनाभर वाट पाहिलेली संध्याकाळ कोण घालवणार? रॉस्को तारांवर हात ठेवून नुसता उभा राहिला.

ओडेसा बसली नाही.

पहारेकरी तिच्यापाशी आला. "ए आजी, बस खाली."

"घरच्या आजीशीही असाच बोलतोस?"

"मावशी, बस ना," रेनिटा कुजबुजली. "हाकलतील आपल्याला."

"आयुष्यभर लोकांना जागेवर बसवत आले मी," ओडेसा म्हणाली. "आज मला कुणी बसवायचं नाही."

आणि तिने, अगदी सवयीने, उजवा हात खांद्याच्या वर नेला. तळवा आकाशाकडे. माउंट नेबोमध्ये त्याचा अर्थ एकच: सर्वांनी उठा.

सातव्या रांगेत कुणीतरी ताडकन उभं राहिलं. डावा हात पाठीशी, मान ताठ. डीकन ओटिस! अंगात फुलाफुलांचा शर्ट. पलीकडे सिस्टर लव्हॉन, डोक्यावर केसांचा भलामोठा टोप. गॅलरीत आणखी दोघे सेवेकरी. खूण दिसली आणि पाय उठले, डोक्याला विचारलंच नाही. एकमेकांना पाहून चौघांचेही चेहरे उतरले. पण आता बसतात कसे?

त्यांना पाहून त्यांच्या रांगा उठल्या, मग सगळं सभागृहच उठलं. पहारेकऱ्याने इकडेतिकडे पाहिलं आणि तो भिंतीला जाऊन टेकला. रॉस्कोने ओडेसाकडे बघून मान झुकवली आणि पुन्हा पहिला ठोका हाणला. त्यानंतर दिवे जळत होते की विझले होते, हे कुणी पाहिलं नाही. ओडेसा घामाने निथळेपर्यंत नाचली.

दुसऱ्या दिवशी रेव्हरंडांनी प्रवचनाआधीच विचारलं, "कोण गेलं होतं?"

"मी," ओडेसा पुढे आली. "गेले होते, नाचले, आणि तो पुन्हा आला तर पुन्हा जाईन."

"आणखी कोण?"

लव्हॉन भजनाच्या पुस्तकात डोकं खुपसून बसली होती. ओटिस आपल्या बुटांचं निरीक्षण करत होते. ओडेसाने एकदा नुसतं वळून पाहिलं असतं तर चौघे उघडे पडले असते. ती वळली नाही.

"मी माझ्यापुरतं सांगितलं, रेव्हरंड. बाकीच्यांना तोंडं आहेत."

तिने हातमोजे काढून त्यांच्या हातात दिले. "मागच्या बाकावर बसा," ते म्हणाले, "दाराशी डीकन ओटिस उभे राहतील."

ओडेसा मागे गेली, मागचा बाक ओलांडला आणि सरळ दाराशी जाऊन उभी राहिली. उघडे, खरबरीत हात, डावा पाठीशी. उशिरा आलेल्या एका कुटुंबाला तिने जागा दाखवली. ते निमूट तिच्या मागे गेले.

ओटिस अवघडत जवळ आले. "सिस्टर, रेव्हरंडांनी मला..."

"बसा, ओटिस," ती हळूच म्हणाली. "काल उठलात तेवढं पुरे."

ओटिस बसले.