तीस दिवसांचा परवाना

राबिघ या अरबी शहराबाहेरच्या वादीतून, एरवी कोरड्या असणाऱ्या नदीपात्रातून, पावसाचा लोंढा आला आणि वस्तीतल्या बेचाळीस घरांत कंबरभर पाणी शिरलं. स्थानिक कंत्राटदारांची माणसं पुरेनात, म्हणून पालिकेने बाहेरच्या कंपन्यांच्या इंजिनिअरना तीस दिवसांचे तात्पुरते परवाने दिले. अटी दोन: स्थानिक कंत्राटदाराची हमी हवी, आणि इंजिनिअरच्या सहीशिवाय कुठल्याही घरात वीज जोडायची नाही. बुरैदा शहरातल्या एका कंपनीने सहीसाठी आपली इंजिनिअर अहिल्या हिला पाठवलं. ती मूळची नाशिकची.

नवव्या दिवशी सकाळी स्थानिक कंत्राटदाराचा मॅनेजर उसामा फॉर्मांचा गठ्ठा घेऊन आला. रायगडचा माणूस, बोलायला गोड.

"मॅडम, बेचाळीस सह्या हव्यात. लोक उकाड्यात तळमळतायत."

"अकरा घरं तपासून झालीत. अकरांवर करते."

"बाकीचीही वाळलीत की."

अहिल्याने शेजारच्या घरातला बोर्ड उघडला. आतून ओला गाळ ओघळला. "ह्याला वाळलेलं म्हणतात?"

उसामाचा गोडवा आटला. "तुमचा परवाना आमच्या हमीवर आहे. एक फोन केला की खलास."

"करा."

म्हणाली खरी, पण कंपनी काय म्हणेल? त्यातून उकाड्याचं तो खोटं बोलत नव्हता. समोरच्या ओट्यावर एक म्हातारी पुठ्ठ्याने वारा घेत बसली होती. तिच्याकडे बघूनच अहिल्याचं मन घट्ट झालं. वीज आली की तिच्या घरातलं बटण पहिल्यांदा दाबणार होती ती म्हातारीच.

अकराच्या सुमारास मोबाइलवर पालिकेचा संदेश आला: हमी काढून घेतली आहे, परवाना दुपारी चारला संपेल.

"म्हणजे चारपर्यंत मी इंजिनिअर आहे," ती इस्मतभाईंना म्हणाली. रत्नागिरीचे इस्मतभाई उसामाच्याच कंपनीतले जुने वायरमन. त्यांनी मॅनेजरकडे एकदा पाहिलं आणि पेटी उचलली.

दोघं जेवायलाही थांबले नाहीत. आणखी सहा घरं तपासून झाली, त्यांवर तिने सह्या केल्या. उरलेल्या पंचवीस फॉर्मांवर लाल पेनाने लिहिलं: 'तपासणी झालेली नाही. वीज जोडू नये.' खाली सही, तारीख, वेळ. असा शेरा पडलेलं घर पुन्हा तपासल्याशिवाय सुरू करता येत नाही, हे उसामालाही माहीत होतं.

"स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेताय," तो म्हणाला.

"पाय माझा आहे."

पावणेचारला तिने सगळे फॉर्म पालिकेच्या खिडकीवर दिले, पोच घेतली आणि मगच परवाना जमा केला.

पंधरवड्याने इस्मतभाईंचा फोन आला. "नव्या इंजिनिअरला पंचवीसही घरं तपासावी लागली, पोरी. नऊ घरांचं वायरिंग फेल निघालं. त्या म्हातारीचं धरून."

"आणि तुमचं काय?"

"माझी बदली करून लांब यांबूला धाडलं. असू दे, काम तिथंही आहे."

पुढच्या परवान्याच्या अर्जात एक प्रश्न होता: याआधी परवाना रद्द झाला आहे का? ऑफिसातले म्हणाले, 'तांत्रिक कारण' लिही आणि सोड. अहिल्याने 'हो' लिहिलं. कारणासाठी दिलेली एक ओळ पुरेना, तेव्हा कागद उलटून ती मागच्या बाजूला लिहीत राहिली.